भास्करची भूमिका मिळालीय? मग आधी धोतर

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' नाटकात पहिल्याच फटक्यात थोरला भाऊ भास्कर मिळाला म्हणून पार्टी मागणारे खूप भेटतील. मी धोतराचं सांगतो. तालमीला ट्रॅकपँट घालून येऊ नकोस. आजपासून धोतर नेसूनच उठायचं, बसायचं, पायऱ्या चढायच्या. माझा एकदा भर प्रयोगात सोग्यावर पाय पडला. नाटकातल्या घरात सुतक, आणि प्रेक्षक खदखदून हसतायत!

भाषेचं म्हणशील तर आपण पडलो ठाण्याच्या नौपाड्यातले. वऱ्हाडी बोलायला गेलो की नाटकातल्या विनोदी नोकरासारखं वाजतं. एलकुंचवारांच्या या नाटकातल्या देशपांडे कुटुंबाची ती रोजची बोली आहे, हशे घ्यायला नाही. विदर्भातल्या कुणाकडून तरी तुझी वाक्यं वाचून घे, मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि लोकलमध्ये ऐकत राहा. विजयाबाई मेहतांनी १९८५मध्ये हे नाटक बसवलं, त्या प्रयोगाच्या आठवणी ज्येष्ठ मंडळी सांगतील. ऐकून घे, पण नक्कल करू नकोस.

खरी परीक्षा वाक्य नसताना असते. वडील तात्याजी गेलेत, तेरवीचा खर्च समोर आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजतोय, धाकटा भाऊ सुधीर मुंबईहून आलाय. तो बोलत असताना तू पुढचं वाक्य मनात घोकत बसलास, तर तिसऱ्या रांगेतल्या काकूंनाही कळतं. भास्कर तेव्हा हिशेब करत असणार. तूही कर, मनात खरोखर आकडे मांडून.

गडकरी रंगायतनला आवाज बाल्कनीपर्यंत जायला हवा, पण ओरडून नाही. वाक्याचा शेवट गिळू नकोस, मराठीत क्रियापद तिथेच असतं.

रविवारी ट्रॅकपँट दिसली, तर सगळ्यांचा चहा तुझ्याकडून.