इंग्रजांच्या राज्यात अँग्लिकन चर्चचा, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या पंथाचा, बिशप कुणी भारतीय होता का? असला तर खराखुरा, की नावापुरता?

होता. वेदनायगम सॅम्युएल अझरिया. 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा ते 38 वर्षांचे होते. दोर्नकलची डायोसीज, म्हणजे बिशपच्या हाताखालचा इलाखा, त्यांनी 1 जानेवारी 1945 ला मृत्यू येईपर्यंत सांभाळली. ‘नावापुरता’ म्हणाल तर दीक्षा देणाऱ्यांपैकी काहींना तेवढंच हवं असावं असं मला वाटतं. पुढे झालं वेगळंच.

मिशनरी घराणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरा साहेब आणि त्याचा बंगला येतो. अझरियांचं घर तसं नव्हतं. तिरुनेलवेली भागातलं वेळ्ळालनविळै हे खेडं, ताडाच्या झाडांवर पोट असलेला नाडार समाज. वडील हिंदू घरात जन्मले, मिशनच्या शाळेत शिकताना ख्रिस्ती झाले आणि गावचे पाळक झाले. बरीच वर्षं वाट पाहिल्यावर मुलगा झाला म्हणून त्याचं नाव बायबलमधल्या शमुवेलावरून ठेवलं. मुलगा मिशनच्या वसतिगृहात वाढला, मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गेला, पण पदवी काही हाती लागली नाही. 1895 पासून वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सचिव म्हणून ते दक्षिणेत गावोगाव हिंडले.

वळण आलं ते 1902 मध्ये, श्रीलंकेतल्या जाफन्याला गेल्यावर. तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशाने धर्मप्रचारक पाठवत होते. अझरियांना खटकलं की आपण पिढ्यान्‌पिढ्या परदेशी देणग्यांवर वाढलो आणि दुसऱ्या कुणासाठी काहीच केलं नाही. 1903 मध्ये त्यांनी तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी काढली. अट अशी की पैसा भारतीय, माणसं भारतीय, कारभार भारतीय. दोनच वर्षांनी, 1905 च्या नाताळच्या दिवशी, बंगालमधल्या सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी उभी राहिली. तीच अट, पण सगळ्या देशासाठी. वंगभंगाचं आणि स्वदेशीचं तेच साल, हे विसरून चालणार नाही.

इंडियन मिशनरी सोसायटीने काम निवडलं ते निजामाच्या संस्थानातल्या दोर्नकल भागात. (आपला मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता.) इतरांना पाठवून स्वतः घरी बसणं त्यांना पटेना. 1909 मध्ये पाळकपदाची दीक्षा घेऊन, पस्तिशीत तेलुगू शिकून, बायको अनबु आणि मुलांसह ते तिथे गेले.

1910 मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. हजाराहून जास्त प्रतिनिधी, त्यांत आशियाई बोटांवर मोजण्याइतके. परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांचे संबंध या विषयावर अझरिया बोलले आणि शेवटी म्हणाले: ‘तुम्ही गरिबांना खाऊ घालण्यासाठी आपली मालमत्ता दिलीत. आपली शरीरं जाळण्यासाठी दिलीत. आम्ही प्रेमही मागतो. आम्हाला मित्र द्या!’ मी नगरच्या ख्रिस्ती घरातला. आमच्याकडे बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा, प्रेमावरचा अध्याय लग्नात हमखास वाचतात. तोच अध्याय त्यांनी मिशनऱ्यांवर उलटवला होता. सभागृहात अनेकांना ते झोंबलं. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांना बिशप केलं गेलं, याचं श्रेय मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांना जातं. गोऱ्या मिशनऱ्यांनी काळ्या बिशपच्या हाताखाली काम करायचं का, हा विरोधकांचा खरा प्रश्न होता. आफ्रिकेत आधी हे घडून गेलं होतं. नायजेरियाचे सॅम्युएल क्राउथर 1864 मध्ये अँग्लिकन बिशप झाले, आणि म्हातारपणी त्यांच्याच मिशनने त्यांचे अधिकार काढून घेतले आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या जागी गोरा बिशप बसवला.

अझरियांचं तसं झालं नाही. सुरुवातीला लहान असलेला इलाखा पुढे कृष्णा-गोदावरीच्या मुलखापर्यंत वाढला आणि इंग्रज मिशनरीही त्यांच्या हाताखाली आले. बैलगाडीने, सायकलने ते खेडी पालथी घालायचे. त्यांचे लोक मुख्यतः माला आणि मादिगा जातींचे, गावकुसाबाहेरचे. बाप्तिस्मा घेणाऱ्याला ते स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावून म्हणायला सांगत: मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे, मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा! घाण, रोग, कर्ज आणि दारू हे चार शत्रू त्यांच्या प्रवचनांत पुन्हा पुन्हा येत. 1940 च्या सुमारास डायोसीजमध्ये दोन लाखांहून जास्त ख्रिस्ती होते.

यावरूनच 1936-37 च्या सुमारास गांधीजींशी वाजलं. आंबेडकरांच्या येवल्याच्या घोषणेनंतर अस्पृश्यांच्या धर्मांतराचा विषय तापलेला होता. या लोकांना धर्मतत्त्व कळत नाही, मग ते धर्मांतर कसलं, असा गांधीजींचा ‘हरिजन’मधला रोख. अझरियांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं, कारण त्या माणसांना काय कळतं हे ते वर्षानुवर्षं त्यांच्या ओसरीवर बसून पाहत होते. म्हणून त्यांना इंग्रजधार्जिणा म्हणणं मात्र चूक. ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत, असंच त्यांचं मत होतं.

दोर्नकलचं कॅथेड्रल त्यांनी मुद्दाम इंग्रजी वळणाचं बांधलं नाही. घुमट मशिदीसारखे, खांब दक्षिणेतल्या देवळासारखे. 1939 मध्ये ते पूर्ण झालं. काझीपेट-विजयवाडा मार्गावरच्या जंक्शनला उतरून मी ते पाहिलं आहे; सवड असेल तर उतराच.

आता तुमच्या ‘खराखुरा की नावापुरता’कडे. अझरिया खरेखुरे होते, पण 1912 ते 1945 या 32 वर्षांत स्वतःची डायोसीज मिळालेले भारतीय अँग्लिकन बिशप तेच एकटे. दोन-तीन भारतीय सहायक बिशप झाले, बाकी सगळे इंग्रज. म्हणजे नावापुरता होता तो चर्चचा मोठेपणा. 1919 पासून अझरिया ज्या चर्च-ऐक्यासाठी, म्हणजे वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एका चर्चमध्ये आणण्यासाठी, झटले ते चर्च ऑफ साउथ इंडिया 27 सप्टेंबर 1947 ला मद्रासला स्थापन झालं, त्यांच्या मृत्यूनंतर पावणेतीन वर्षांनी. आपल्याकडच्या मुंबई, नाशिक, नागपूरच्या डायोसीजना तसं ऐक्य व्हायला 1970 उजाडलं, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची ती स्थापना नागपुरातच झाली.