मशीन प्लेटा मोजायला लागलं, आता माझं काय?

मी समुपदेशक आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इकडच्या फार्मा कंपन्यांतली माणसं माझ्याकडे येतात ती हल्ली एकच काळजी घेऊन येतात, लॅबमध्ये नवीन सिस्टिम आली, सगळं ऑटोमॅटिक होणार, माझी चाळिशी उलटली, आता मी काय शिकणार आणि नाही जमलं तर घराचे हप्ते कोण भरणार. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, नाव देत नाही.

वय ४२, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, इंजेक्शन बनवणाऱ्या प्लांटच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये, १७ वर्षं. पहिल्यांदा आल्या तेव्हा पर्समधून आधी एक ब्रोशर काढून टेबलावर ठेवलं. डेटा सायन्सचा कोर्स, सहा महिने, फी दीड लाख. मिस्टरांनी शोधून दिला होता. "मॅडम, हे करू का नको एवढंच सांगा, बाकी मला काही झालेलं नाही." पण झोप लागत नव्हती, सकाळी सहाच्या बसला निघायचं म्हणून अलार्म चारचा आणि जाग दोनलाच, कँटीनमध्ये सगळ्यांसोबत डबा खाणं बंद केलेलं, आणि नव्या मशीनच्या ट्रेनिंगच्या दोन्ही दिवशी नेमकं डोकं दुखलं म्हणून सुट्टी. हे सगळं त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही.

मी कोर्सचं उत्तर त्या दिवशी दिलंच नाही. म्हणलं, आधी मला तुमचं काम समजावून सांगा, मला यातलं काही माहीत नाही.

मग त्या बोलायला लागल्या आणि आवाजच बदलला. क्लीन रूममध्ये, म्हणजे जिथे धूळ आणि जंतू येऊ नयेत म्हणून जपतात त्या खोलीत, पेट्री डिश (हीच प्लेट, आत जंतू वाढायला आगरची जेली) उघडी ठेवायची, जास्तीत जास्त चार तास, हवेतलं जे काही खाली बसेल ते तिच्यावर पडतं, मग ती इनक्युबेटरला, म्हणजे उबदार कपाटात, ठेवायची आणि काही दिवसांनी काढून किती कॉलन्या, म्हणजे जंतू वाढून झालेले ठिपके, उगवल्या ते मोजायचं. प्लेट उलटी धरायची आणि मागून मार्करने एकेका कॉलनीवर ठिपका देत जायचं म्हणजे एकच कॉलनी दोनदा मोजली जात नाही. नवीन पोरं ट्रेनिंगला आली की त्या म्हणे सुरुवात चायना ग्रासपासून करतात, तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात जो असतो तोच हा आगर, आणि तो लॅबमध्ये आला तोही स्वयंपाकघरातूनच, १८८० च्या दशकात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये हेसे नावाचे डॉक्टर होते त्यांच्या बायकोने, फॅनी हेसेने सुचवला, आणि १८८७ ला पेट्रीने काचेची बशी आणली, तेव्हापासून मोजायची पद्धत जवळपास तीच. "आणि आता मॅडम एक डबा येणार, त्यात प्लेट टाकायची, कॅमेरा फोटो काढणार, एआय आकडा देणार. मी १७ वर्षं जे केलं ते पाच सेकंदात."

इथे बरेच समुपदेशक एक चूक करतात असं मला वाटतं, लगेच धीर द्यायला जातात, अहो मशीन माणसाची जागा घेऊ शकत नाही वगैरे. घेतं की. ठिपके देऊन मोजण्याचं काम मशीन घेणारच आहे आणि ते येण्यामागे कारणंही आहेत. क्लीन रूममध्ये सगळ्यात जास्त घाण आणतो तो माणूसच, म्हणून युरोपचा ॲनेक्स १, म्हणजे निर्जंतुक औषधं बनवण्याचे नियम, २०२२ ला सुधारला आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाला तेव्हा त्यात आयसोलेटर (माणसापासून काम वेगळं ठेवणारी बंद पेटी), रोबो, मोजणीच्या जलद पद्धती या सगळ्याचा विचार करा असं सांगितलं. आपल्याकडेही सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे नियम, २८ डिसेंबर २०२३ ला निघालं आणि छोट्या कंपन्यांनाही सिस्टिम नीट करणं भाग पडलं. म्हणजे हे कुणा एका मॅनेजरच्या डोक्यातलं खूळ नाही की जे दोन वर्षांनी जाईल. माणसाला खोटा धीर दिला की तो घरी जाऊन अजून घाबरतो, कारण लॅबमध्ये त्याला उघड्या डोळ्यांनी वेगळंच दिसत असतं.

दुसऱ्या सिटिंगला मी कोरे कागद आणि मार्कर ठेवले. प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही त्यामुळे फोटो नव्हते, म्हणलं मला अशी प्लेट काढून दाखवा जी मोजताना तुम्हाला विचार करावा लागतो. ताईंनी एक मोठा गोल काढला. कडेला, अगदी भिंतीला चिकटून, एक अर्धा ठिपका. मधे दोन ठिपके एकमेकांत घुसलेले. एका बाजूला पसरत गेलेला डाग, हा स्प्रेडर म्हणाल्या, बॅसिलस असतो बऱ्याचदा. आणि वर तीन बारीक गोल.

"हे तीन काय?"

"त्यातला एकच कॉलनी आहे. हा झाकणावरून पडलेला पाण्याचा थेंब आहे आणि हा आगरमधला बुडबुडा."

"कसं ओळखता?"

"प्लेट थोडी तिरकी करायची. थेंब चमकतो आणि जरा हलतो. बुडबुडा आत असतो, वरून बोट फिरवल्यासारखी नजर फिरवली तर उंचवटा नसतो. कॉलनीला अंग असतं मॅडम." हे सांगताना त्यांचा हात हवेत प्लेट धरल्यासारखा तिरका झाला होता, मनगट साधारण तीस अंशात, आणि डोळे बारीक केलेले.

मी विचारलं, नवीन मशीन या प्लेटला किती आकडा देईल? त्या थांबल्या. कागदाकडे बघत म्हणाल्या, डेमोला दोन वेळा थेंबाला कॉलनी म्हणलं होतं. कडेची सोडली होती. मी विचारलं, तुम्ही हे कुणाला सांगितलं? नाही. का? तर गप्प.

आता हे कडेची एक कॉलनी सुटणं किती मोठं आहे तेही त्यांनीच मला सांगितलं. जिथे इंजेक्शनची व्हायल उघडी असते त्या ग्रेड ए जागेत मर्यादा पाच नाही, दहा नाही, नो ग्रोथ आहे. एक कॉलनी दिसली तर चौकशी लागते, बॅच अडकते. मशीनने एकाच्या जागी शून्य म्हणलं तर ती चौकशी होतच नाही आणि ते इंजेक्शन कुणाच्या तरी शिरेत जातं. एवढं सगळं ज्या बाईला माहीत आहे ती डेमोत मागे उभी राहिली आणि बोलली नाही, हे मला त्या दीड लाखाच्या कोर्सपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

तर कारण असं निघालं. पहिल्या डेमोच्या दिवशी इंजिनिअरने, पंचविशीतला मुलगा असेल, त्यांना लॉगिन करायला सांगितलं. मागे सहा-सात ज्युनिअर उभे. पासवर्ड तीनदा चुकला आणि आयडी लॉक झाला. कुणीतरी हसलं. एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली मॅडम राहू द्या, मी करते. "ती चांगली पोरगी आहे हो, तिने मदतच केली. पण मी ज्यांना प्लेट धरायला शिकवलं त्यांच्यासमोर..." आणि मग रडू आलं, बराच वेळ.

मी थांबले. मग विचारलं, त्यानंतर लॉगिन कधी केलं? केलंच नाही. मग लिम्समध्ये तुमच्या एन्ट्र्या कोण करतं?

"तिच्याच आयडीने होतात. पाण्याच्या सँपलच्या. अकरा झाल्यात."

लिम्स म्हणजे लॅबचे निकाल ठेवायची कंप्युटर सिस्टिम. मला तेव्हा अकरा एन्ट्र्या म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा बघून कळलं. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामकाचा, पार्ट ११ नावाचा नियम १९९७ पासून आहे, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड कुणी केलं, कधी केलं हे ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे सिस्टिम आपोआप ठेवते त्या नोंदीत, दिसलं पाहिजे. नोंद ज्याने काम केलं त्याच्याच नावावर पाहिजे, हा डेटा इंटेग्रिटीचा, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचा, अगदी पहिला धडा आणि तो त्या स्वतः ट्रेनींना शिकवतात. म्हणजे नोकरीला खरा धोका मशीनचा नव्हताच, लाजेपायी जी लपवाछपवी सुरू झाली होती तिचा होता, आणि त्यात ती पोरगीही अडकली होती.

मी हे सगळ्यांना कळकळीने सांगते, तंत्रज्ञानाची भीती म्हणून जे येतं त्यात खूपदा तंत्रज्ञान थोडंच असतं. आपल्यापेक्षा लहान माणसासमोर "मला हे येत नाही" म्हणण्याची भीती असते. त्यावर डेटा सायन्सचा कोर्स हे औषध नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. एक तर कोर्स तीन महिने पुढे ढकलला, नाही म्हणलं नाही, पुढे ढकला म्हणलं. भीतीच्या भरात भरलेली फी फार क्वचित वसूल होते हे मी पाहिलंय. दुसरं म्हणजे सराव. माझ्या खोलीत लॅपटॉप ठेवला, मी त्यांच्या मागे उभी राहणार आणि त्या लॉगिन करणार. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकायचा, स्क्रीनवर लाल अक्षरं येऊ द्यायची, आणि मागे वळून मोठ्याने म्हणायचं, "लॉक झालं, परत दाखव." ऐकायला साधं वाटतं, पहिल्या वेळी त्यांचे हात ओले झाले होते. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "एवढंच होतं का हे?" घरी रोज पंधरा मिनिटं मुलासमोर एक्सेलमध्ये काहीतरी करायचं आणि अडलं की त्यालाच विचारायचं हा गृहपाठ. मुलगा आठवीत आहे, त्याला फार आवडलं म्हणे आईला शिकवायला.

अकरा एन्ट्र्यांचं मी त्यांच्यावर सोडलं. कंपनीला फोन करणं माझं काम नाही, इथे जे बोललं जातं ते इथेच राहतं. फक्त एवढं म्हणलं की ऑडिट ट्रेल सांगण्याआधी तुम्ही सांगितलं तर त्याचा अर्थ वेगळा होतो. आठ दिवस घेतले त्यांनी. मग हेडला जाऊन स्वतः सांगितलं, पोरीला मी सांगितलं होतं म्हणून तिने केलं हेही सांगितलं. डेव्हिएशन निघालं, म्हणजे नियम मोडल्याची रीतसर नोंद होऊन चौकशी झाली, कागदावरच्या मूळ नोंदींवर यांच्या सह्या होत्या त्यामुळे आकडे ताडून बघता आले, सगळे बरोबर निघाले. लेखी समज मिळाली दोघींना, परत ट्रेनिंग. त्या रात्री झोप लागली असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी मेसेज करून कळवलं.

आणि मग तो प्लेटचा कागद. मी म्हणलं हाच घेऊन जा. मशीन वापरात घेण्याआधी त्याचं व्हॅलिडेशन करावं लागतं, माणसाची मोजणी आणि मशीनची मोजणी शेजारी शेजारी ठेवून, आणि त्यासाठी कुठल्या प्लेटा निवडायच्या हे कुणीतरी ठरवावं लागतं. सोप्या, स्वच्छ प्लेटा निवडल्या तर मशीन पास होणारच. ताईंनी त्या टीममध्ये स्वतःहून जागा मागितली आणि थेंबाच्या, बुडबुड्याच्या, कडेच्या, घुसलेल्या, स्प्रेडरच्या प्लेटा वेगळ्या करून यादीत घातल्या. पुढच्या सिटिंगला त्या स्वतःच एक प्रिंट घेऊन आल्या, युरोपने जुलै २०२५ मध्ये एआयसाठी ॲनेक्स २२ चा मसुदा चर्चेसाठी ठेवला होता त्याची, पिवळ्या हायलायटरने रंगवलेली. त्यात म्हणलंय की मॉडेलकडे कुठल्या कुठल्या प्रकारचा डेटा येऊ शकतो हे त्या कामातल्या जाणकाराने आधी सांगायचं आणि तपासायच्या डेटाची उत्तरं बरोबर आहेत याची खात्री करायची. "मॅडम, जाणकार म्हणजे कोण?" असं विचारून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, उत्तर त्यांना माहीत होतं.

शिकायचं तर आहेच, यातून कुणाची सुटका नाही. पण जे काम करता त्याच्या शेजारचं शिका. ताईंनी ऑडिट ट्रेल कसा वाचायचा ते शिकून घेतलं, व्हॅलिडेशनचा प्रोटोकॉल लिहायला शिकल्या, थोडं स्टॅटिस्टिक्स, ते एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकट शिकता येतं, पैसे परीक्षा दिली तरच. कोडिंग नाही शिकल्या अजून, लागलं तर शिकेन म्हणतात. दीड लाख बँकेत आहेत.

कंपन्यांनाही एक बोलावंसं वाटतं. मशीनला कोटीने पैसे घालता आणि ट्रेनिंग दोन तासांचं, शेवटी 'वाचलं आणि समजलं' खाली सही. १७ वर्षं हात बसलेल्या माणसाला सात जणांसमोर पहिल्यांदा माउस धरायला लावू नका, एकट्याला आधी एक तास द्या. त्या एका तासाने ही सगळी भानगड झालीच नसती.

आणि सगळं गोड झालं असंही नाही. पगार तेवढाच आहे. मशीन सुरू झालं तशी प्लेटा मोजणाऱ्या दोन कंत्राटी मुलींची मुदत वाढवली नाही, ताईंना त्याचं फार लागलं, आपणच ते मशीन पास केलं असं त्या दोनदा बोलल्या. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही, आम्ही तो तास फक्त त्यावरच बोललो. त्या दोघींतली एक, बी.एस्सी. झालेली, वय २४, गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली, ताईंनीच पाठवलं. सोबत ताईंनी तिला व्हॅलिडेशनच्या वह्या आणि दोन ओळखीच्यांचे नंबर दिलेत. पुढच्या गुरुवारी तिची दुसरी सिटिंग आहे.