सोलापुरात मित्रांशी पैज लागली आहे: आशियाई खेळांतला पुरुष फुटबॉल २३ वर्षांखालचा असेल, तर भारताचा कर्णधार सुनील छेत्री २०२३ च्या हांगझोऊ (चीन) स्पर्धेत ३९ व्या वर्षी कसा खेळला?

छेत्री नियमातच खेळला, कारण प्रत्येक संघाला जास्त वयाचे तीन खेळाडू घेता येतात. २००२ च्या बुसान स्पर्धेपासून पुरुषांसाठी वयाची अट आहे आणि ही तिघांची सवलतही तेव्हापासूनचीच. दक्षिण कोरियाचा सोन ह्युंग-मिन २०१८ ला याच सवलतीतून खेळला, सुवर्णपदक मिळवलं आणि सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटला. आपल्याकडे मात्र २०२३ ला ऐन आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, भारतातली क्लबांची स्पर्धा) तोंडावर क्लब खेळाडू सोडायला तयार नव्हते. आशियाई खेळ फिफाच्या वेळापत्रकात बसत नाहीत, त्यामुळे क्लबांवर सक्तीही करता येत नाही. संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हांगझोऊला पोहोचला आणि चीनकडून ५-१ हरला, यात नवल ते काय! पुढे बांगलादेशविरुद्धचा एकमेव गोल छेत्रीनेच पेनल्टीवर केला.

एक दुरुस्ती, पैजेच्या दृष्टीने महत्त्वाची: हांगझोऊची स्पर्धा २०२२ ची २०२३ वर ढकलली गेली, म्हणून त्या वेळी मर्यादा २४ वर्षांची होती. आणि भारताची १९५१ व १९६२ ची सुवर्णपदकं मध्ये आणत असाल, तर तेव्हा ही अट नव्हती.

पार्क चौकातल्या चहाचे पैसे दोघांनी निम्मे-निम्मे द्या.