इंजिनिअर असून दिवा लावता येईना

"मॅडम, नोकरीचं काही टेन्शन नाही, पण इथे साधी साधी कामं होत नाहीत हो माझ्याकडून."

हे मी आता इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने 'साधी साधी' म्हटलं की पुढचं साधारण लक्षात येतं. कधी म्युनिकहून, कधी डब्लिनहून, कधी मेलबर्नहून. बोलणारी मुलं कोथरूडची, सिंहगड रोडची, चिंचवडची. बँकेचा ओटीपी येत नाही, घरी इंटरनेट लागत नाही, सरकारी पत्र कळत नाही, वॉशिंग मशीनचं दार उघडत नाही. यादी संपत आली की आवाज खाली येतो आणि "कधी कधी रडूच येतं". मुलगे असतील तर "चिडचिड होते" म्हणतात, म्हणजे तेच.

परदेशी गेलेल्यांचं समुपदेशन म्हटलं की लोकांना एकटेपणा, वर्णभेद, घरची ओढ असं मोठं काहीतरी वाटतं. तेही असतं. पण माझ्यापर्यंत बहुतेक जण येतात ते या किरकोळ कामांच्या वाटेने. ती किरकोळ आहेत म्हणूनच त्यांची लाज जास्त वाटते. प्रोजेक्ट फसला तर मित्राला सांगता येतं, पत्र वाचता आलं नाही हे कोणाला सांगणार?

मंदारचंच उदाहरण घेते. नाव खरं नाही, आणि दोघा-तिघांचे तपशील त्यात मिसळले आहेत.

मंदार मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला काही वर्षं काढून श्टुटगार्टला गेलेला. मर्सिडीज, पोर्शं, बॉश सगळे तिथलेच, त्यामुळे गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाला ते पंढरपूरच. जाण्याआधी मॅक्सम्युलर भवनात बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन शिकला होता. पहिल्यांदा भेटलो ते ऑक्टोबरच्या शेवटी, तो ऑफिसला निघायच्या आधी. इथे साडेदहाचं लख्ख ऊन आणि त्याच्याकडे सकाळचे सात, बाहेर काळोख. स्क्रीनवर फक्त अर्धा चेहरा दिसत होता, बाजूला ठेवलेल्या टेबललॅम्पच्या उजेडात. मी म्हटलं, "मोठा दिवा लाव ना." तर तो म्हणाला, "नाहीये."

जर्मनीत भाड्याच्या घरात पुष्कळदा छताला दिवा नसतो, नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू आपले दिवे काढून नेतो, कधी अख्खं स्वयंपाकघरही उचलून नेतो. मंदारने दिवा आणला होता, खोक्यात पडून होता.

"लावून बघितलास?"

"नाही."

"का?"

"चुकला तर? डिस्टिंक्शन मिळवलेला इंजिनिअर मी, आणि मला दिवा लावता येत नाही. हे एकदा नक्की झालं की मग काय उरलं?"

दिवा खोक्यात असेपर्यंत निकाल लागलेला नव्हता, म्हणून दिवा खोक्यात होता.

मग बाकीचं बाहेर आलं. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत नोंदणी करावी लागते, तिला आन्मेल्डुंग म्हणतात, आणि तिच्यासाठी घरमालकाचा कागद लागतो. तो कागद उशिरा मिळाला, त्यामुळे नोंदणी उशिरा, त्यामुळे बँक खातं उशिरा, खातं नाही म्हणून इंटरनेटचा करार नाही. खातं उघडलं तर कार्डाचा पिन पोस्टाने निघाला आणि परत गेला, कारण खालच्या पत्रपेटीवर मंदारचं आडनाव नव्हतं. तिथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. नाव नाही तर पत्र आल्या पावली परत. महिनाभर मंदारला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत होतंच, पण दोन इंचाच्या पट्टीएवढं.

एकदा दाराच्या मुठीला कोणीतरी पाटी अडकवून गेलेलं. पुण्याचा माणूस, पाटी दिसली म्हणजे अपमान झाला हे त्याने गृहीतच धरलं. दोन दिवस जिन्यात कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. ती पाटी होती केअरवोखंची. त्या भागात जिना आणि अंगण झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. पुढे त्याच जिन्यात झाडू मारताना खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंशी ओळख झाली. पत्रपेटीचं गुपित सांगितलं ते त्यांनीच.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "पुण्यात ही कामं कोण करायचं?"

"कुठली?"

"दिवा, पंखा."

"सोसायटीचे इलेक्ट्रिशियन काका."

"गॅसचा नंबर लावणं?"

"बाबा."

"आधार, पॅन, गाडीचे कागद?"

"टिळक रोडला आमचा एजंट आहे."

"आणि तू?"

जरा थांबून म्हणाला, "मी जीपे करायचो." आणि पहिल्यांदा हसला.

हे प्रत्येकाला विचारून बघावं. आपल्याकडे मध्यमवर्गीय घर दहा-बारा माणसं मिळून चालवतात आणि त्यांना आपण मोजत नाही, कारण फोन केला की ती येतात. परदेशात ही माणसं वजा होतात. अंगातलं काहीच गेलेलं नसतं. दिवा लावायची कला पुण्यात होती आणि विमानात हरवली असं झालेलं नाही, ती कधी लागलीच नव्हती. मंदारला हे पटलं, पण डोक्याने. पटणं आणि सुटणं यांत अंतर असतं. ते नोव्हेंबरात तुटलं.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. 2021 पासून हा दाखला घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. शनिवारची आमची वेळ, तिथले सकाळचे नऊ, इथले दुपारचे दीड. मंदार मीटिंगमध्ये आला खरा, पण दुसऱ्या फोनवर घरी बोलत होता आणि माइक चालू राहिला होता. आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल आणि बाबांच्या फोनवर दाखल्याचं अ‍ॅप, अशी व्यवस्था असावी.

"बाबा, घाई नको. आधी मला सांगा, स्क्रीनवर काय दिसतंय... हां, वाचा... नाही, तुमचं काही चुकलेलं नाही, उजेड कमी आहे. खिडकीकडे तोंड करा. चष्मा काढा. आता डोळे मिचकवा... नाही झालं? असू दे, परत करू. काय लिहून आलंय आता?"

मी गप्प राहिले. बऱ्याच वर्षांनी एक गोष्ट थोडीफार जमायला लागली आहे, ती म्हणजे कधी मध्ये बोलायचं नाही. थोड्या वेळाने मंदार घाईघाईने माझ्याकडे वळला. "सॉरी मॅडम. झालं एकदाचं. चौथ्या वेळेला."

"मग बाबांना बोललास की नाही? इतकी वर्षं सरकारी नोकरी केलीत, फायली हलवल्यात, आणि साधे डोळे मिचकवता येत नाहीत?"

तो दचकलाच. "असं कसं म्हणेन मी बाबांना?"

"मंदारला मात्र रोज म्हणतोस."

यानंतर तो बराच वेळ काही बोलला नाही. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मला पुढचं वाक्य सुचलं होतं, तयार होतं, आणि सांगते, ते न बोलणं सोपं नव्हतं. शेवटी तोच म्हणाला, "बाबांना मी विचारतो, काय दिसतंय. स्वतःला विचारतो, तुला का जमत नाही."

माझं तयार वाक्य याच्या निम्म्यानेही चांगलं नव्हतं.

पहिल्या प्रश्नाला उत्तर असतं. दुसऱ्याला नसतंच, तो प्रश्न म्हणजे शिक्षा असते. आणि शिक्षा झालेला माणूस पत्र उघडत नाही.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे. 1955 च्या सुमारास त्यांनी ती मांडली, पण मुळं जातात थेट प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसपर्यंत: माणूस घटनेने कोलमडत नाही, घटनेचा जो अर्थ लावतो त्याने कोलमडतो. काहींना हे कोरडं वाटतं, जखमेवर तर्काचा बोळा फिरवल्यासारखं. मला तसं कधी वाटलं नाही. मंदारच्या तोंडून ते निघालं तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

त्याच दिवशी आम्ही ते करूनही पाहिलं. टेबलावर एक न उघडलेलं पाकीट होतं. "उघड. अर्थ लावायचा नाही, फक्त काय दिसतंय ते सांग." पाठवणारा कोण, तारीख, रक्कम, कधीपर्यंत. निघालं काय, तर नभोवाणी-दूरचित्रवाणीची वर्गणी. ती जर्मनीत प्रत्येक घराला भरावी लागते, टीव्ही असो वा नसो. ऑगस्ट 2021 पासून दरमहा 18.36 युरो. मंदारकडे टीव्ही नाही म्हणून पहिलं पत्र त्याने जाहिरात समजून फेकलं होतं आणि दुसरं दंडाच्या भीतीने उघडलं नव्हतं. पाच मिनिटांत फॉर्म भरायचं ठरलं. बी-वनचं जर्मन सरकारी पत्राला पुरत नाही, त्यात लाज कसली? आपल्या सातबाऱ्यावरचं मराठी तरी किती जणांना कळतं?

आता जे निघायच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी जरा रोखठोक. समुपदेशकाने सिमकार्डावर बोलू नये असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला वाटतं, जे विमानतळावर जाण्याआधी तासाभरात मिटतं त्यासाठी नंतर आठ भेटी घालवू नयेत.

ओटीपीवाचून भारतातलं काहीच हलत नाही. म्हणून इथला नंबर जिवंत ठेवा. तो सलग 90 दिवस वापरलाच नाही तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या, रिचार्जची तारीख घरच्या कोणाच्या तरी कॅलेंडरवर टाका. ड्युअल सिमचा फोन असेल तर भारतातलं कार्ड त्यात राहू द्या आणि तिथला नंबर ई-सिमवर घ्या. आधारला परदेशी नंबर जोडता येत नाही, हे लक्षात ठेवा. अनिवासी झालात की जुनं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, बँकेला कळवून एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. त्याच वेळी ओटीपी ईमेलवर येण्याची सोय आहे का ते विचारा. यूपीआयचं म्हणाल तर जानेवारी 2023 मध्ये परदेशी नंबरावर चालवायची परवानगी मिळाली ती दहा देशांसाठी. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर त्यात होते, जर्मनी नव्हता. आपला देश बसतो का ते आधी बघा.

मिक्सरचा प्रश्न हमखास येतो. जर्मनीत वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, फक्त पिन वेगळी. अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, तिथे आईने दिलेला मिक्सर नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर चालणार नाही. आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात म्हणून जे वैतागतात, त्यांना मी एवढंच विचारते, दुपारी एक ते चार आपण पुण्यात काय करायचो?

कामांसाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. रात्री अकरा वाजता, दमून, पलंगावर पडून परदेशी सरकारच्या वेबसाइटशी भांडू नये. अडलं तर शेजाऱ्याला किंवा ऑफिसातल्या माणसाला एका वेळी एकच आणि नेमकं विचारा. "मला काहीच कळत नाही" याला कोणी उत्तर देऊ शकत नाही, "या पत्रात कुठे सही करू" याला देऊ शकतो. बऱ्याच शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपतीपुरती त्यांची आठवण काढू नका. आणि घायकुतीला आलात म्हणून फोनवर भेटलेल्या अनोळखी 'मदतनिसा'ला स्क्रीन दाखवू नका, ओटीपी सांगू नका.

आई-बाबांनाही सांगायचंय. मुलाने इंटरनेट नाही म्हटलं की "मग ये परत, इथे काय कमी आहे" असं लगेच बोलू नका. तुम्ही मायेने बोलता, पण तो पुढच्या वेळी सांगायचं थांबवतो. मंदारच्या बाबांना मी, त्याला विचारून, एकदाच फोन केला होता. त्यांना दिव्याचं काहीच माहीत नव्हतं. "अहो, मी सांगितलं असतं त्याला," म्हणाले, "आमच्या वाड्यात मीच वायरिंग करायचो."

पुढच्या रविवारी बाप-लेक व्हिडिओ कॉलवर बसले. शेजारी ऑफिसातला एक सहकारी टेस्टर घेऊन उभा होता, तो माझा आग्रह, कारण विजेशी विवेकनिष्ठ होऊन चालत नाही. फ्यूज बंद करून झाल्यावर बाबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय दिसतंय?" हिरवी-पिवळी अर्थिंगची, निळी न्यूट्रल, तपकिरी फेजची.

सगळंच असं सुटत नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, अंघोळ करायचंही जिवावर येतंय, सकाळी उठून काही करावंसंच वाटत नाही, तर प्रश्न पत्रपेटीचा राहिलेला नसतो. युरोपातल्या पहिल्या हिवाळ्यात हे पुष्कळांना होतं. तेव्हा थेट डॉक्टरला गाठा. जर्मनीत सुरुवात घराजवळच्या फॅमिली डॉक्टरपासून होते, आणि दवाखाने बंद असताना 116117 या नंबरवर डॉक्टरची सोय विचारता येते.

मंदार आता महिन्यातून एकदा भेटतो, बोलणं बरंचसं लग्नाबद्दल असतं. त्याने नव्याने येणाऱ्यांसाठी एक फाइल केली आहे, आणि ती मी त्याच्या परवानगीने इतरांना देते. देताना सांगते की ही श्टुटगार्टची आहे, तुमच्या गावचे नियम तिथल्या कचेरीत विचारून घ्या.