केसपेपरवर न मावणारे

पत्र : ताई, मी ३६ वर्षांची असून कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर व मधला कोरोनाकाळ मी याच विभागात काढला. पूर्वी रुग्ण दगावला की मला घास उतरत नसे. आता नातेवाइकांना सांगून पाच मिनिटांत मी चहा घेते आणि काहीच वाटत नाही. रुग्णांना मी ‘बेड सात’, ‘बेड नऊ’ म्हणू लागले आहे. घरी मुलावर चिडते. एका मैत्रिणीने रोज थोडे लिहायला सुचवले, पण वही उघडली की केसपेपरचेच इंग्रजी उमटते. डॉक्टरने असे लिहून काय साधते? गेल्या महिन्यात वारलेल्या कागलच्या एक आजी राउंडला गेले की ‘जेवलीस का गं पोरी?’ असे विचारायच्या, तेवढे मात्र डोक्यातून जात नाही.

प्रिय डॉक्टर,

काहीच वाटत नाही असे तुम्ही लिहिता, आणि पत्र संपवताना आजींचा प्रश्न लिहून ठेवता. मी पत्र तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या ओळीपाशी थांबले. (गावाचे नाव मी बदलले आहे, त्याचे कारण पुढे सांगते.) मन खरोखर कोरडे झाले असते, तर तो प्रश्न तुमच्याजवळ महिनाभर राहिला नसता.

ज्याला बर्नआउट म्हणतात, त्याची तीन अंगे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्यांच्या मोजपट्टीत मांडली : भावनिक थकवा, समोरच्या माणसापासून तुटणे आणि आपल्या कामाचे मोल वाटेनासे होणे. ‘बेड सात’ हे त्यातले दुसरे अंग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद करताना तिला आजार म्हटले नाही, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ आवाक्यात न आलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले. तेव्हा आपण दगड झालो, हा आरोप स्वतःवरून आधी काढून टाका.

आता लेखनाविषयी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रिटा शॅरन यांनी १९९३ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना केसपेपरखेरीज एक समांतर नोंद ठेवायला सांगितले. मरणाऱ्या रुग्णाकडे पाहून स्वतःचे आजोबा आठवले, तर ते रुग्णालयाच्या कागदावर लिहिता येत नाही. पण कुठेतरी ते लिहिलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तुमची अडचण मला इथेच दिसते. केसपेपर इंग्रजीत असतो, त्यातली वाक्ये कर्त्यावाचून चालतात आणि उपचारांसाठी ते योग्यही आहे. परंतु आजी तुमच्याशी मराठीत बोलल्या, त्यांच्या मुलाला बाहेरच्या बाकावर तुम्ही जे सांगितले तेही मराठीतच सांगितले. जे ज्या भाषेत घडले, ते त्याच भाषेत लिहा. ‘रुग्णास मृत घोषित करण्यात आले’ असे मराठीत लिहिलेत, तरी तो केसपेपरच होईल. ‘मी त्यांची नाडी पाहिली, मी त्यांच्या मुलाला सांगितले’ असे लिहून पाहा. त्या ‘मी’पाशी पेन अडखळेल, कदाचित डोळेही भरून येतील. तिथेच थांबून पुढचे वाक्य लिहायचे आहे.

रोज लिहिण्याचे बंधन मात्र घालून घेऊ नका. ड्युटीनंतर आणखी एक ड्युटी कशाला? जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, दररोज केवळ पंधरा मिनिटे लिहिले होते. ज्यांनी क्लेशकारक घटना आणि त्यामागच्या भावना अशा दोन्ही लिहिल्या, त्यांचे मन लिहिल्यावर लगेच अधिक जड झाले, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणून झोपण्यापूर्वी किंवा ड्युटीवर जाण्यापूर्वी लिहू नका. सुट्टीच्या सकाळी रंकाळ्याच्या काठावर अर्धा तास मिळाला, तर तो उत्तम. एखाद्या प्रसंगाने लिहिताना फारच बेचैन केले, तर तो त्या दिवशी सोडून द्या.

वही कागदाचीच असू द्या आणि तीत रुग्णाचे नाव, गाव, बेडचा क्रमांक येऊ देऊ नका. रुग्णाचे गुपित राखणे हे वैद्यकीय आचारसंहितेने तुमच्यावर घातलेले बंधन आहे, आणि दुःख आपले असले तरी ओळख त्यांची असते. मैत्रिणीला वाचून दाखवावेसे वाटले, तर ही काळजी घेऊन अवश्य दाखवा. तिने सल्ला देऊ नये, फक्त ऐकावे, एवढे तिला आधी सांगा.

लेखनाने ड्युटीचे तास कमी होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. व्यवस्थापनाकडे सलग रात्रपाळ्यांबद्दल आणि साठलेल्या रजांबद्दल लेखी मागणी करा, शक्यतो सहकाऱ्यांसह. आणि झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक डॉक्टरांसाठीही आहे.

पहिल्या पानाची चिंता नको, कारण प्रश्न आजींनी विचारूनच ठेवला आहे. त्यांनी तो शेवटचा विचारला, त्या दिवशी तुम्ही जेवला होतात का, काय खाल्ले होते, की उपाशीच राउंड पुरा केला, एवढे त्यांना उद्देशून लिहा.