जेस्ट २८ केल्यावर ‘जेस्ट-एन्व्हायर्न्मेंट-जेएसडॉम सापडत नाही’ असा एरर का येतो?

तुमच्या कोडमध्ये काही बिघडलेलं नाही, निश्चिंत राहा. जेस्ट हे जावास्क्रिप्ट कोडच्या टेस्ट चालवायचं टूल, आणि हे पॅकेज म्हणजे त्या टेस्टसाठी नकली ब्राउझर उभा करणारा भाग. जेस्टच्या २७ व्हर्जनपर्यंत ते सोबतच यायचं. २०२२ मध्ये आलेल्या २८ पासून ते वेगळं काढलंय, त्यामुळे ते आता आपणच टाकायचं. एनपीएमने (पॅकेजेस आणणारं टूल) ‘जेस्ट-एन्व्हायर्न्मेंट-जेएसडॉम’ डेव्ह डिपेंडन्सी म्हणून, म्हणजे फक्त डेव्हलपमेंटपुरतं, इन्स्टॉल करा, की एरर जाईल.

फक्त व्हर्जन जुळवून घ्या. जेस्ट २८ असेल तर हेही २८चंच हवं. नुसतं इन्स्टॉल म्हटलं की एनपीएम सगळ्यात नवं आणतं आणि मग भलतेच एरर सुरू होतात. बहुतेकांचा वेळ इथेच जातो. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उडवून पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, पॅकेज यादीतच नसेल तर ते येणार कुठून?

एरर गेला पण ‘डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड’ दिसायला लागलं, तर कॉन्फिगमध्ये टेस्ट-एन्व्हायर्न्मेंट ‘जेएसडॉम’ आहे का बघा. २७ पासून डीफॉल्ट ‘नोड’ आहे, म्हणजे ब्राउझरशिवायचं. दोनचार फाइल्सनाच डॉम (ब्राउझरमधल्या पानाची रचना) लागत असेल तर त्या फाइल्सच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये ‘@jest-environment jsdom’ एवढं लिहा. बाकीच्या टेस्ट नोडवर चालू द्या, त्या वेगानेही चालतात.

लॉक फाइलही (पॅकेजेसची नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी) कमिट करा, म्हणजे जुळवलेलं व्हर्जन तसंच राहील.