माझा भाऊ हवाई दलात आहे, घरी कामाचं काहीच सांगत नाही. घरच्यांपासून कसलं आलंय लपवायचं? सिक्रेट विमानं, मिसाइल लाँच हे खरंच एवढं गुप्त असतं का?

असतं. आणि तुमचा भाऊ बरोबर वागतोय. "घरच्यांपासून कसलं आलंय लपवायचं" असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

मी एअर फोर्समध्ये इंजिन फिटर होतो, आता धानोरीत राहतो. बरेलीला 102 स्क्वाड्रनमध्ये मिग-25 या टेहळणीच्या विमानावर बरीच वर्षं काढली. त्या विमानावर बॉम्ब नाही, गन नाही, फक्त कॅमेरे. वीस किलोमीटरच्या वर, आवाजाच्या अडीचपटीहून जास्त स्पीडने जायचं. मागची दोन नोझल, म्हणजे इंजिनाचा जाळ बाहेर पडायची तोंडं, एवढी मोठी की माणूस वाकून आत शिरेल. लँड झालं की मागे दोन ब्रेक पॅराशूट उघडायची, पावसात ती चिखलापाण्याने भिजून जड झालेली ओढताना खांदे भरून यायचे. फोटो सेक्शनवाले फिल्म काढून न्यायचे, त्यावर काय आलं हे आम्हाला कोणी सांगायचं नाही आणि आम्ही विचारायचो पण नाही.

भारताकडे मिग-25 आहे हे जगाला माहीत होतं हो. आज ते कुठे जाऊन आलं, ते गुप्त.

आमचा थोरला भाऊ चिंचवडला कंपनीत. गणपतीत सुट्टीवर आलो की सगळ्यांसमोर विचारणार, काय रे, कुठलं विमान? मी म्हणायचो, रशियन आहे, मोठं आहे. तर यानं सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं की हा स्टोअरमध्ये असतो, याला विमानाला हात लावू देत नाहीत. वडिलांनाही तेच खरं वाटायचं, ते मला फार लागलं. मे 1997 मध्ये इस्लामाबादजवळ सोनिक बूम (विमान आवाजापेक्षा जास्त स्पीडने गेलं की होणारा धमाका) झाला, पाकिस्तान म्हणालं भारताचं मिग-25 होतं, तेव्हा भावाचा लगेच फोन. मी तेव्हाही बोललो नाही, आताही बोलणार नाही. 2006 ला विमान रिटायर झालं, पेपरात फोटोबिटो आले, तर म्हणे सख्ख्या भावावर विश्वास नव्हता तुझा! विश्वासाचा प्रश्नच नव्हता. माणूस चांगला आहे पण पोटात काही राहत नाही, दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना कळलं असतं.

मिसाइलचं म्हणाल तर लाँच लपवता येतच नाही. ओडिशात चांदीपूरला मिसाइल टेस्ट करायचं केंद्र आहे, तिथे टेस्ट असली की आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना तेवढ्यापुरतं हलवतात, मच्छीमारांना समुद्रात जायला बंदी, विमानांसाठी नोटॅम, म्हणजे वैमानिकांना सावध करणारी सूचना, निघतो. गुप्त असतो तो आतला डेटा.

त्यामुळे भावाला सारखं खोदून विचारू नका, आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. 2023 मध्ये इथे पुण्यातच डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला पाकिस्तानी एजंटला माहिती दिल्याच्या आरोपावरून एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) अटक केली, त्यात पण चॅटिंगच होतं. सुट्टी कधी, तब्येत कशी, जेवण नीट मिळतं का, हे खुशाल विचारा.

मिसाइलवर मी स्वतः काम केलेलं नाही, ते तिकडे पोस्टिंग झालेल्या मित्रांकडून कळलेलं आहे. भावाचा ट्रेड वेगळा असेल तर थोडंफार वेगळं असेल. पण तो सांगत नाही म्हणून स्टोअरमध्येच असेल असं नातेवाइकांत सांगत बसू नका, आणि असला स्टोअरमध्ये तरी कुठला पार्ट कुठे चाललाय हे त्यालाही बाहेर बोलता येत नाही.